वांद्र्याच्या पाटीवरचे नवाब

खालांच्या नातवाला कमी ऐकू येतं म्हणून मागच्या वर्षी त्याला तपासणीसाठी मुंबईला आणलं होतं. वांद्रे रेक्लमेशनच्या त्या मोठ्या सरकारी संस्थेत केसपेपर काढला. कागदावर वरच्या बाजूला संस्थेचं लांबलचक नाव होतं, 'अली यावर जंग राष्ट्रीय वाक् एवं श्रवण दिव्यांगजन संस्थान'. खालांनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "ये अपने हैदराबाद के जंग हैं क्या रे?"

खाला नांदेडच्या. 'जंग' म्हटलं की मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला लगेच कळतं की हे आडनाव नसून खिताब आहे. निजामाच्या दरबारात खान, जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह अशी चढती पायरी होती. मी 'हो' म्हणालो. पण पुढे सांगण्यासारखं माझ्याकडे त्या दिवशी फार नव्हतं. वांद्रे पूर्वेला द्रुतगती महामार्गाच्या एका पट्ट्यालाही हेच नाव आहे आणि ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, एवढंच ठाऊक होतं. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की या एका माणसाच्या चरित्रात हैदराबाद, अलीगढ आणि भिवंडी ही तिन्ही नावं येतात. भारतीय मुसलमानांच्या गेल्या शंभर वर्षांतल्या जखमा मोजायला बसलं तर ही तीन नावं टाळता येत नाहीत.

सुरुवात घराण्यापासून करावी लागेल, कारण अली यावर जंग यांना ओळख आधी घराण्याने दिली. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सय्यद हुसैन बिलग्रामी. मूळ अवधचे, लखनौच्या कॅनिंग कॉलेजात अरबीचे प्राध्यापक. पहिल्या सालारजंगांनी त्यांना १८७३ साली हैदराबादला आणलं. तिथे ते दिवाणांचे खासगी सचिव झाले, पुढे शिक्षण खात्याचे प्रमुख झाले आणि 'इमाद-उल-मुल्क' हा खिताब मिळवून बसले. १९०६ साली आगाखानांच्या नेतृत्वाखाली जे मुस्लिम शिष्टमंडळ सिमल्याला लॉर्ड मिंटोंना भेटलं, त्याच्या निवेदनाचा मसुदा याच इमाद-उल-मुल्क यांनी लिहिला. मुसलमानांना वेगळे मतदारसंघ द्या, ही मागणी त्यात होती. तीन महिन्यांत ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली. पुढच्या वर्षी लंडनच्या इंडिया कौन्सिलवर पहिल्यांदाच दोन भारतीय नेमले गेले, त्यांतले एक हे होते.

त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. सय्यद अली बिलग्रामी हे संस्कृतचे जाणकार. फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ याचा अरब संस्कृतीवरचा ग्रंथ त्यांनी उर्दूत आणला. हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिज विद्यापीठात चक्क मराठी शिकवत होते. मराठी आणि मुसलमान हे दोन शब्द शेजारी आले की आजही काहींच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांना ही एक ओळ ऐकवायला हरकत नाही.

अली यावर यांच्या आई तय्यिबा बेगम या मद्रास विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. देशातल्या अगदी पहिल्या मुस्लिम महिला पदवीधरांत त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी उर्दूत कादंबऱ्या लिहिल्या. वडील खदीव जंग पेशाने डॉक्टर. अशा घरातला मुलगा ऑक्सफर्डला इतिहास शिकतो, परत येऊन उस्मानिया विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक होतो, मग रियासतीच्या कारभारात जातो आणि चाळिशीच्या आत-बाहेर कुलगुरू होतो, यात नवल काही नाही. नवल पुढे आहे.

१९४६-४७ साली ते निजामाच्या मंत्रिमंडळात होते. इंग्रज जाणार हे दिसत होतं. हैदराबादने भारतात जायचं की स्वतंत्र राहायचं, हा प्रश्न होता. दिल्लीशी बोलणी करायला निजामाने जे शिष्टमंडळ नेमलं त्यात पंतप्रधान नवाब छतारी, कायदेतज्ज्ञ वॉल्टर माँक्टन यांच्याबरोबर अली यावर जंगही होते. महिनोन्महिने दिल्ली-हैदराबाद फेऱ्या झाल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस एक वर्षाच्या 'जैसे थे' कराराचा मसुदा ठरला. शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, त्याच पहाटे, २७ ऑक्टोबर १९४७ रोजी, कासीम रझवीच्या मजलिसने जमवलेल्या हजारोंच्या जमावाने छतारी आणि माँक्टन यांच्या घरांना वेढा घातला. निजाम कचरला. जुनं शिष्टमंडळ मोडीत निघालं, छतारी गेले, अली यावर जंगही सरकारातून बाहेर पडले. रझवीच्या मर्जीतलं नवं शिष्टमंडळ नेमलं गेलं आणि लायक अली पंतप्रधान झाले.

नव्या शिष्टमंडळाने २९ नोव्हेंबरला जो करार पदरात पाडून घेतला, तो जवळजवळ जुन्यांनी ठरवलेलाच होता. एका महिन्याच्या घोषणाबाजीतून हैदराबादच्या मुसलमानांना कागदावर काहीच जास्त मिळालं नाही. बदललं ते एवढंच की दिल्लीशी सभ्यपणे बोलू शकणारी माणसं दूर झाली आणि रझाकारांच्या हातात लगाम आला. पुढच्या दहा महिन्यांत काय झालं ते मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. रझाकारांचे अत्याचार झाले, आणि सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर त्यांचं उट्टं काढलं गेलं ते ज्यांनी कधी रझाकारांचा गणवेश पाहिलाही नव्हता अशा खेड्यांतल्या मुसलमानांवर. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, बाकीचे दोन बीदर आणि गुलबर्गा.

'तेव्हा अली यावर जंगांचं ऐकलं असतं तर' असं म्हणणं सोपं आहे, आणि मला ते खरंही वाटतं. पण एक गोष्ट खटकते. या नवाब मंडळींना दिल्लीशी बोलता येत होतं, लंडनशी बोलता येत होतं. औशाच्या, उदगीरच्या, बिलोलीच्या मुसलमानाशी त्यांचं बोलणंच नव्हतं. रझवी लातूरचा वकील होता, तो त्यांच्या भाषेत बोलत होता. दरबारातला शहाणपणा आणि रस्त्यावरचा आवाज यांच्यात पूल नव्हता आणि रझवीला मोकळं रान मिळालं ते तिथेच. चार पिढ्या सत्तेच्या दालनात वावरलेल्या घराण्याचं बळ आणि दुबळेपण दोन्ही मला त्या ऑक्टोबरच्या पहाटे दिसतात.

पोलीस कारवाईनंतर ते पुन्हा उस्मानियाचे कुलगुरू झाले. उर्दू माध्यमाच्या या विद्यापीठाचं माध्यम याच सुमारास इंग्रजी झालं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. १९५२ नंतर नेहरूंनी त्यांना राजदूत म्हणून पाठवायला सुरुवात केली. अर्जेंटिना, मग इजिप्त, युगोस्लाव्हिया, फ्रान्स. १९५६ साली नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा कैरोत भारताचे राजदूत हेच होते. आजोबांनी वेगळ्या मतदारसंघांचा मसुदा लिहिला आणि नातू नेहरूंच्या अलिप्ततावादाचा प्रतिनिधी झाला. हे अंतर पन्नास वर्षांत कापलं गेलं.

१९६५ साली पॅरिसहून त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठात कुलगुरू म्हणून आणलं. विद्यापीठाच्याच शाळा-कॉलेजांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशात ७५ टक्के जागा राखीव होत्या, त्या ५० टक्क्यांवर आणायचा निर्णय झाला. वरवर हा प्रवेशाचा हिशेब होता. पण तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याचा अर्थ मुसलमानांच्या जागा कमी करण्याचा कट असा घेतला. २५ एप्रिल १९६५ रोजी विद्यापीठाच्या कोर्टाच्या, म्हणजे सर्वोच्च मंडळाच्या, बैठकीवर विद्यार्थ्यांचा जमाव चालून गेला. कुलगुरूंना इतकी मारहाण झाली की ते मरता मरता वाचले.

केंद्रात शिक्षणमंत्री होते आपल्या मुंबईचे एम. सी. छागला. त्यांनी महिन्याच्या आत अध्यादेश आणला, मग कायदा दुरुस्त केला. विद्यापीठाच्या कोर्टाचे अधिकार काढून ते सल्लागार मंडळ करून टाकलं. याच दुरुस्तीला, आणि १९५१च्या दुरुस्तीला, सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. १९६७ साली अझीझ बाशा खटल्यात पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की हे विद्यापीठ मुसलमानांनी स्थापन केलेलंच नाही, ते कायद्याने स्थापन झालं, म्हणून अल्पसंख्याक संस्था म्हणून त्याला हक्क सांगता येणार नाही. हा निकाल ५७ वर्षं अलीगढच्या मानेवर बसून होता. १९८१ साली कायदा बदलून तो दूर करायचा प्रयत्न झाला, तोही पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयात अडकला. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ला सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी अझीझ बाशाचा निकष रद्द केला आणि विद्यापीठाच्या दर्जाचा प्रश्न नेहमीच्या पीठाकडे सोपवला.

म्हणजे त्या दिवशी संतापलेल्या पोरांनी एका कुलगुरूच्या अंगावर जे हात टाकले, त्याची किंमत त्यांच्या नातवंडांच्या पिढीने मोजली. छागला आणि दिल्लीला निमित्त हवं होतं असंही म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य असेलही. पण निमित्त आपणच हातात दिलं, हे मात्र आपल्या सभांमधून कुणी सांगत नाही. अलीगढच्या अल्पसंख्याक दर्जावर मी डझनभर भाषणं ऐकली असतील. २५ एप्रिलचा उल्लेख त्यांतल्या एकातही नव्हता.

अली यावर जंग मात्र अलीगढ सोडून गेले नाहीत. बरे होऊन ते १९६८पर्यंत कुलगुरू राहिले. त्यानंतर अमेरिकेत राजदूत, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल.

मलबार हिलवरच्या राजभवनात येऊन त्यांना सव्वादोन महिने झाले होते तेव्हा भिवंडी पेटली. ७ मे १९७०, शिवजयंतीची मिरवणूक. दुसऱ्या दिवशी जळगाव. महाडलाही झळ लागली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने पुढे कित्येक खंडांचा अहवाल दिला. मिरवणुकीमागच्या संघटनेवर आणि पोलिसांच्या पक्षपातावर त्यात स्पष्ट ताशेरे आहेत. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, गृहखातं सरकारकडे होतं. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं असतं, राज्यघटना तसंच सांगते. महाराष्ट्राच्या सर्वोच्च घटनात्मक खुर्चीवर मुसलमान बसलेला होता आणि भिवंडीच्या मुसलमानाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माझ्या लहानपणी घरातल्या बुजुर्गांच्या तोंडी 'सरकारी मुसलमान' हा शब्द सर्रास असे, आणि त्याच्या मागे असाच एखादा हिशेब असे. मला तो शब्द पूर्ण पटत नाही. ज्या माणसाला रझाकारांनी हटवलं आणि अलीगढच्या पोरांनी झोडपलं, त्याने सरकारची मर्जी राखायला आयुष्य घालवलं असं म्हणता येत नाही. त्याने जी मतं धरली ती महागात पडणारीच होती. पण भिवंडीचा माणूस त्याच्याकडे पाहून असं का म्हणत असेल, तेही मला कळतं.

त्यांच्या कारकिर्दीतला एक प्रसंग मराठवाड्याच्या माणसाला विशेष वाटावा. २१ फेब्रुवारी १९७५ला वसंतराव नाईकांच्या जागी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याचे पहिले मुख्यमंत्री. शंकरराव पैठणला जन्मलेले, कायदा उस्मानियातून शिकलेले आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्यात निजामाविरुद्ध उतरलेले. त्यांच्या शपथविधीला समोर राज्यपाल कोण, तर निजामाचे माजी मंत्री आणि त्याच उस्मानियाचे माजी कुलगुरू. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी हे दोघे एकाच रियासतीत दोन टोकांना होते. आता मुंबईत समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या राजभवनात दोघेही भारताच्या राज्यघटनेने दिलेल्या पदांवर होते. मुक्तिसंग्राम म्हणजे हिंदू विरुद्ध मुसलमान असं दरवर्षी १७ सप्टेंबरला सांगणाऱ्यांनी हे चित्र कधीतरी डोळ्यांसमोर आणावं.

आणीबाणीही त्यांच्याच काळात आली. सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेलं विधेयक १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं. देशातलं असं ते पहिलंच. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी राखून ठेवलं गेलं आणि ती संमती कधी मिळाली नाही. तेव्हा मुंबईच्या राजभवनात अली यावर जंग आणि दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात फक्रुद्दीन अली अहमद. एकीकडे इतका मान आणि दुसरीकडे नसबंदीच्या पथकांच्या भीतीने शेतात झोपायला जाणारी माणसं, त्या दोन वर्षांत या दोन्ही गोष्टी एकाच देशात नांदत होत्या. त्या काळाचा शेवट पाहायला मात्र ते राहिले नाहीत. ११ डिसेंबर १९७६ला राज्यपालपदावर असतानाच ते वारले. पद्मभूषण आधीच मिळालं होतं, पुढच्या जानेवारीत मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

कथा इथे संपत नाही. त्यांची मुलगी बिल्किस, पहिल्या फ्रेंच पत्नी अॅलिस यांची. आईच्या हैदराबादी आयुष्यावर बिल्किस यांनी पुढे पुस्तक लिहिलं. त्यांचे यजमान इद्रिस हसन लतीफ, हेही हैदराबादचे. फाळणीच्या वेळी हवाई दलातले त्यांचे मुस्लिम सहकारी पाकिस्तानात चालले होते, यांनाही बोलावणं होतं, यांनी भारत निवडला. ते हवाई दलाचे पहिले मुस्लिम प्रमुख झाले. निवृत्तीनंतर १९८२ साली त्यांची नेमणूक झाली महाराष्ट्राच्या राज्यपालपदी. म्हणजे बिल्किस वडिलांच्याच राजभवनात यजमानीण म्हणून परतल्या. तिथे असताना त्यांनी धारावीतल्या बायकांसाठी काम सुरू केलं. त्या कामाचं मला सासरे-जावयांच्या पदांपेक्षा जास्त कौतुक आहे, कारण या घराण्यात खालच्या वस्तीत जाऊन बसणारं माणूस बहुधा हेच पहिलं. पुढे लतीफ फ्रान्समध्ये राजदूत झाले, तिथेही सासऱ्यांच्याच खुर्चीवर.

आणि मे १९८४ मध्ये, लतीफ राजभवनात असताना, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी ठाणे आणि मुंबईही. सैन्य बोलवावं लागलं. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. चौदा वर्षांच्या अंतराने तेच यंत्रमागांचं गाव, तोच मे महिना, राजभवनात त्याच घरातलं माणूस. मादन आयोगाचा अहवाल त्याआधी कित्येक वर्षं सरकारच्या कपाटात होता.

वांद्र्याची ती संस्था ९ ऑगस्ट १९८३ला सुरू झाली, म्हणजे जावई राज्यपाल असतानाच. देशभर तिची केंद्रं आहेत, त्यांतलं एक सिकंदराबादला आहे.

हे सगळं मी खालांना नंतर नांदेडला गेलो तेव्हा सांगितलं. अंगणात बसून त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. रझवीचं नाव निघालं तेव्हा त्या गप्पच राहिल्या. खालांच्या वडिलांना त्या सप्टेंबरमध्ये बारा दिवस उसाच्या फडात लपून काढावे लागले होते, ते सगळ्या घराला माहीत आहे. भिवंडीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "फिर उन्होंने क्या किया?" मी म्हणालो, "राज्यपाल होते, खाला. राज्यपालाच्या हातात तेवढं नसतं."

त्यांनी मान हलवली आणि आतल्या खोलीकडे वळून नातवाला हाक मारली. कानात मशीन होतं. पहिल्याच हाकेला तो बाहेर आला.